नावाचा अंक: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

बारसं ठरलं, लग्न ठरलं, नाहीतर दुकान चालेनासं झालं की माणसाला आपलं नाव आठवतं आणि मग मला मेसेज येतो, "ताई, जरा नाव बघता का". मी ३१ वर्षं बँकेत काउंटरला होते, समोर दिवसभर नावं आणि आकडेच, पण नामांकाचा, म्हणजे नावाच्या अक्षरांवरून अंक काढायचा, नाद त्याच्याही आधीचा, शाळेत असताना मामाच्या वहीतून लागलेला. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात कुणाचंही बारसं असलं की मामा ती लाल पुठ्ठ्याची वही घेऊन बसायचा. आता तेच तेच प्रश्न इतक्यांदा येतात की सगळे एका जागी लिहून काढले. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. मूलांक, भाग्यांक, नामांक हे सगळं एकच ना? माझा नेमका अंक कोणता धरायचा?

एकच नाही, तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मूलांक म्हणजे नुसती जन्मतारीख, १७ तारखेचा जन्म असेल तर १+७ म्हणजे ८. भाग्यांक म्हणजे तारीख, महिना, वर्ष सगळ्याची बेरीज एक आकडी होईपर्यंत करायची. उदाहरण घ्यायचं तर लोकमान्य टिळक, जन्म २३ जुलै १८५६, मूलांक २+३ म्हणजे ५, आणि भाग्यांक २+३+७+१+८+५+६ म्हणजे ३२, परत ५, दोन्ही सारखेच आले. नामांक हा नावाच्या अक्षरांवरून काढतात. पहिले दोन जन्माबरोबर आले ते आले, त्यात कुणाचा हात नाही, पण नामांक घरच्यांनी विचार करून दिलेल्या नावातून येतो म्हणून मला तिघांत तोच जास्त जवळचा वाटतो आणि या पानावर मुख्य बोलणं त्याच्याबद्दलच आहे.

२. नामांक घरच्या घरी काढता येतो का? कसा काढायचा?

येतो, कागद-पेन पुरे. नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये लिहा, प्रत्येक अक्षराखाली त्याचा आकडा लिहा, टोटल करा, दोन आकडी आली तर ते दोन्ही आकडे परत मिळवा. आपल्याकडे जास्त चालतो तो कॅल्डियन तक्ता असा:

१ : ए, आय, जे, क्यू, वाय
२ : बी, के, आर
३ : सी, जी, एल, एस
४ : डी, एम, टी
५ : ई, एच, एन, एक्स
६ : यू, व्ही, डब्ल्यू
७ : ओ, झेड
८ : एफ, पी

सायली नाव घेऊ. एस-ए-वाय-ए-एल-आय असं लिहिलं तर ३+१+१+१+३+१, टोटल १०, नामांक १. पण मधला ए गाळून एस-ए-वाय-एल-आय लिहिलं तर टोटल ९. दोघीही सायलीच, हाक मारताना काडीचा फरक नाही, कागदावर मात्र दोन अंक. याचं काय करायचं ते प्रश्न ६ आणि १२ मध्ये.

दोन आकडी टोटल खोडून टाकू नका, शेजारी लिहून ठेवा. जुन्या पद्धतीत त्या आकड्यालाही अर्थ आहे आणि पुढे लागतो.

३. एका ॲपवर माझा नामांक १ आला, दुसऱ्यावर ४. खरा कुठला?

दोन्ही ॲप बरोबर आहेत, तक्ते वेगळे आहेत. वर दिलेला कॅल्डियन. दुसरा पायथागोरियन, त्यात ए ला १, बी ला २ असं सरळ ओळीनं आय पर्यंत ९ आकडे आणि जे पासून परत १. वरचीच सायली, सहा अक्षरांची, तिथे २२ म्हणजे ४ होते. कुठलाही एक तक्ता धरा आणि घरातल्या सगळ्यांना तोच लावा, आपल्याला आवडेल तो अंक यावा म्हणून तक्ता बदलत बसलात तर त्या मोजण्यात काही राहत नाही.

आता मूळ सांगते, कारण याबद्दल फार ठोकून दिलं जातं. पायथागोरस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला ग्रीक, संख्यांवर त्याची श्रद्धा होती हे खरं, पण आजचा हा तक्ता त्याचा नाही, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रुळला. आणि कॅल्डियन तक्ता जगभर नेला तो कीरोनं, हा हात बघून भविष्य सांगणारा आयरिश माणूस, खरं नाव विल्यम जॉन वॉर्नर, १८६६ ते १९३६. तरुणपणी तो मुंबईला आला आणि एका चित्पावन ब्राह्मणाकडे कोकणात राहून शिकला असं त्याच्याबद्दल सांगतात.

त्या तक्त्यात ९ ला एकही अक्षर का नाही, हा प्रश्न मला लहानपणापासून छळायचा. मामा म्हणायचा ९ पवित्र आकडा, म्हणून तो कुठल्या अक्षराला देत नाहीत, आणि सगळीकडे हेच उत्तर मिळतं. पुढे हिब्रू अक्षरांचे आकडे बघितले आणि उलगडलं. हिब्रूत प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. बेथ २, काफ २०, रेश २००. शून्यं काढा, तिन्ही २ होतात, आणि आपल्या तक्त्यात बी, के, आर यांना २ च आहे! गिमेल ३, लामेद ३०, शिन ३००, इकडे जी, एल, एस. दालेथ ४, मेम ४०, ताव ४००, इकडे डी, एम, टी. ९ आणि ९० ची हिब्रू अक्षरं आहेत तेथ आणि त्सादे, त्यांना रोमन लिपीत स्वतंत्र जोडीदार राहिला नाही म्हणून ती जागा रिकामी. त्या दिवशी मी किती वेळ त्या दोन कागदांकडे बघत बसले होते. म्हणजे हा तक्ता कुणी मनानं केलेला नाही, त्याच्या मागे खरंच एक जुनी लिपी उभी आहे.

४. हे आपलं वैदिक शास्त्र आहे असं एकांनी सांगितलं. खरंय का?

रोमन अक्षरांचा तक्ता वैदिक असू शकत नाही, त्याचा उगम वरच्या उत्तरात आलाच. अजून एक बघा, कीरोनं ४ ला युरेनस आणि ७ ला नेपच्यून दिला, हे ग्रह दुर्बिणीतून सापडले १७८१ आणि १८४६ मध्ये, मग ती जोडणी प्राचीन कशी म्हणायची. आपल्या लोकांनी त्या जागी राहू आणि केतू बसवले, ते आपल्या नवग्रहांच्या हिशेबाला धरून आहे.

पण अक्षराला आकडा देणं आपल्याकडे नव्हतं असं मात्र नाही. कटपयादि नावाची पद्धत आहे, क, ट, प, य यांना १, ख, ठ, फ, र यांना २ असं पुढे. ज्योतिष-गणितातले मोठे आकडे श्लोकात लपवून पाठ करायला ती वापरायचे. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेलकर्ता रागांची नावंच तशी ठेवलीत. मेचकल्याणी घ्या, म म्हणजे ५, च म्हणजे ६, "अङ्कानां वामतो गतिः" म्हणून उलटं वाचायचं, ६५, आणि तो ६५ वा मेलकर्ता राग आहे. इतकी सुंदर पद्धत आपल्याच लिपीतली, आणि ती भविष्य सांगायला नव्हे तर लक्षात ठेवायला होती. नावाला ती कशी लावायची ते शेवटच्या प्रश्नात.

५. गुरुजींनी पत्रिकेवरून "वा" अक्षर दिलंय आणि न्यूमरॉलॉजीवाले म्हणतात "वा" वरून चांगला अंक येत नाही. बारसं रविवारी आहे, काय करू?

आधी शांत व्हा. गुरुजी देतात ते अक्षर अवकहडा चक्रातून येतं, २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, एकूण १०८ चरण आणि प्रत्येकाला एक अक्षर. अश्विनीला चू, चे, चो, ला, रोहिणीला ओ, वा, वी, वू. तुमचं "वा" म्हणजे बाळाचं रोहिणीचं दुसरं चरण. त्या अक्षराचं नाव म्हणजे नावरस नाव, त्याचा नामांकाशी संबंध नाही, एक चंद्राच्या जागेवरून येतं आणि एक स्पेलिंगवरून.

आपल्या घरांमध्ये यावर उपाय फार पूर्वीपासून आहे. नावरस नाव पत्रिकेत राहायचं आणि हाक मारायचं नाव वेगळं, त्यामुळे दोन्हीत भांडण लावायचं कारणच नाही. नामांक बघायचाच असेल तर हाक मारायच्या नावाचा बघा. आणि कागदोपत्री तर अजिबात घाई नाही, जन्माच्या नोंदीत नाव नंतर घालता येतं, पहिल्या वर्षात फी नाही आणि त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत.

रविवारी आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करेल, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून वर येईल, त्या वेळी आईच्या तोंडून जे नाव सहज निघेल ते ठेवा.

६. आमचं नाव मराठी, मग इंग्रजी स्पेलिंगवरून का मोजायचं? आणि कुठलं स्पेलिंग बरोबर?

तुम्ही सगळ्यात अवघड जागेवर बोट ठेवलंत. ज्ञानेश्वर नाव घ्या. आपण मराठी माणसं डी-एन-वाय नं सुरुवात करतो, त्याची टोटल ३८, नामांक २. हिंदीवाले जी-वाय नं लिहितात, टोटल ३२, नामांक ५. संस्कृतच्या पुस्तकांत जे-एन नं लिहितात, टोटल ३४, नामांक ७. माऊलींचं नाव एकच आणि अंक तीन! ओंकारचंही तेच, अनुस्वाराचा एम केला तर १६, एन केला तर १७. श ला एच लावता की नाही, व ला व्ही की डब्ल्यू (हे दोन्ही ६ च आहेत, तिथे सुटका), शेवटी एक ए की दोन, प्रत्येक ठिकाणी अंक हलतो.

म्हणून माझं मत सांगते, अंक नावाच्या अर्थाचा नाही, त्या स्पेलिंगचा आहे. जे स्पेलिंग तुम्ही रोज सहीत, मेलमध्ये, बँकेत लिहिता तेच मोजा. "बरोबर स्पेलिंग" असं काही वेगळं शोधायला जाऊ नका.

७. नुसतं नाव मोजायचं की वडिलांचं नाव, आडनाव सगळं?

दोन्ही मोजा, वेगवेगळं लिहा. नुसत्या नावाचा अंक म्हणजे घरातले, मित्र तुम्हाला कसे ओळखतात, आणि पूर्ण नावाचा म्हणजे बाहेरच्या जगात, कागदावर तुम्ही कसे दिसता. फक्त आद्याक्षरं लावत असाल तर तीही पूर्ण नावात धरा.

घोळ होतो तो टोपणनावाचा, आणि पुण्यात तर दादा, नाना, अण्णा, बाळासाहेब म्हणूनच आयुष्य काढलेली माणसं घरोघरी आहेत, ज्यांचं खरं नाव मतदार यादी आल्यावरच कळतं. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, टोटल २२. घरात बाळ म्हणायचे, बाळ म्हणजे बी-ए-एल, टोटल ६. आणि बाळ हेच देशभर झालं. कीरोची पद्धतही हेच सांगते की ज्या नावानं जास्तीत जास्त लोक हाक मारतात ते मोजा. मला हे मनापासून पटतं.

८. लग्नात माझं नाव बदललं. आता नामांक माहेरच्या नावाचा की सासरच्या?

ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहायची आपली पद्धत, त्यामुळे हा प्रश्न इंग्रजी पुस्तकांत सापडतच नाही, तिथे फार तर आडनाव बदलतं. आपल्या कित्येक आज्या-पणज्यांचं सगळंच नाव एका दुपारी बदललं. मी दोन्ही अंक लिहिते, माहेरचा आधी, तो पुसत नाही. सध्या तुम्ही ज्या नावानं जगता तो चालू अंक.

एक हिशेब दाखवते, मी तो दोनदा तपासला. आनंदीबाई जोशी, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या, त्यांचं माहेरचं नाव यमुना. रमाबाई रानडे, पुण्यात १९०९ साली सेवासदन उभं करणाऱ्या, त्यांचंही माहेरचं नाव यमुना. यमुनेची टोटल १८, नामांक ९. लग्नानंतर एक आनंदी झाली, टोटल १७, नामांक ८, दुसरी रमा झाली, नामांक ८. बाई जोडून आनंदीबाई २१, म्हणजे ३, रमाबाई १२, म्हणजे ३. दोघी ९ वरून ८, तिथून ३, आणि ३ हा गुरूचा, विद्येचा अंक. अंगावर काटा येतो ना? मलाही आला. पण हेच पायथागोरियन तक्त्यानं केलं तर आनंदीबाई १ आणि रमाबाई ९ येतात, काही जुळत नाही, आणि ते न सांगता फक्त पहिला अर्धा भाग सांगणं मला चुकीचं वाटतं. दोघींनी शिकण्यासाठी जे सोसलं ते अंकाशिवायही तेवढंच मोठं आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नाव बदलायला कायदा सांगत नाही, मन नसेल तर बदलू नका आणि त्यासाठी अंकाचं कारणही द्यायला लागू नये.

९. अंकांचे अर्थ थोडक्यात सांगा ना.

१ सूर्य, पुढे होणारं, मान जपणारं. २ चंद्र, हळवं, दुसऱ्याचं मन चटकन ओळखणारं. ३ गुरू, शिकणं आणि शिकवणं. ४ राहू, चौकटीत न बसणारं, हट्टाला पेटलं की ऐकत नाही. ५ बुध, बोलणं, हिशेब, व्यापार. ६ शुक्र, घर सजवणं, गाणं, माणसं जमवणं. ७ केतू, एकटं बसायला आवडणारं. ८ शनी, उशिरा पण टिकाऊ. ९ मंगळ, धाडस आणि राग.

हे वाचताना आपलं सोडून शेजारचं वाक्यही वाचा, तेही थोडं लागू पडेल, ते पडणारच. म्हणून मी अर्थ सांगताना नेहमी समोरच्याला उलटा प्रश्न विचारते, "यातलं काय तुमच्यात आहे आणि काय नाही?" खरी गप्पा तिथून सुरू होते.

१०. माझा नामांक ८ आलाय. सगळे म्हणतात शनी, नाव बदल. खूप टेन्शन आलंय.

हा मेसेज सगळ्यात जास्त येतो आणि बऱ्याचदा रात्री येतो. बदलू नका. ८ म्हणजे शनी, शनी म्हणजे कष्ट, एवढंच धरून लोक घाबरवतात, पण शनी न्यायाचाही आहे, चिकाटीचाही आहे, आणि जुन्या पद्धतीत ८ कुठून आला हे बघतात. १७ वरून आलेला ८ कीरोनं फार चांगला मानलाय, माणसामागे त्याचं नाव राहतं असा अर्थ दिलाय. वरची आनंदी १७ च आहे. २१ वर्षांचं आयुष्य, १८८७ मध्ये पुण्यात गेली, आणि आपण आज तिचं नाव घेतोय.

ओंकारचं आठवा, १६ म्हणजे ७ येतो, ऐकायला निरुपद्रवी, पण कीरोच्या यादीत १६ म्हणजे वीज पडलेला मनोरा. १७ म्हणजे ८ येतो, आणि तो शुभ. नुसता शेवटचा आकडा बघून घाबरणाऱ्यांनी इथे काय करायचं? ४ वाल्यांनाही हेच उत्तर.

११. मूलांक ५ आणि नामांक ८, जुळत नाहीत म्हणे.

मित्र अंक, शत्रू अंक अशा याद्या असतात आणि प्रत्येक पुस्तकात वेगळ्या असतात. जुळला तर छान, नाही जुळला तर दोन वेगळे स्वभाव एका माणसात आहेत असं वाचा. बाकी १० बघा.

१२. मुलीच्या नावात एक जास्तीचा ए घाला असं सुचवलंय. घालू का?

मूल लहान असेल, कुठलाच कागद झाला नसेल आणि तुम्हाला ते स्पेलिंग आवडत असेल तर घाला. कागद झाले असतील तर मी हात जोडून सांगते, नको.

काउंटरला मी हे फार जवळून पाहिलंय. एक बाई आल्या होत्या, नवरा जाऊन महिना झालेला, त्यांना खात्यातले पैसे काढायचे होते. खात्यावर त्यांच्या नावात एक ए, आधारवर दोन, पॅनवर दोन आणि शेवटी एच. कुणीतरी आठ वर्षांपूर्वी भाग्य उजळेल म्हणून बदलायला लावलेलं, अर्धवट बदललेलं. नियमाप्रमाणे मला त्यांना प्रतिज्ञापत्र आणायला परत पाठवावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पिशवीतून एक एक कागद काढून परत परत ते ए मोजत होत्या, बोटानं. त्या दिवसापासून मी कुणालाही स्पेलिंग बदलायला सांगितलेलं नाही.

नाव आवाजात राहतं. अक्षर वाढवलं तरी तुमची आई हाक तीच मारते.

१३. तरीही बदलायचंच आहे. प्रोसिजर काय?

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, लोक गॅझेट म्हणतात ते, अर्ज आता ऑनलाइन होतो. आधी गॅझेट, मग आधार, मग पॅन, मग बँक, पासपोर्ट, या क्रमानं, आणि सगळीकडे एकाच महिन्यात उरका, अर्धवट सोडू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणजे अंक आवडला नाही म्हणून परत परत करायची सोय नाही. मुलांचं असेल तर शाळेच्या रजिस्टरमध्ये दहावीचा फॉर्म भरायच्या आधीच करून घ्या, बोर्डाच्या सर्टिफिकेटवर छापून आल्यावर फार त्रास होतो.

१४. टोटल ११ किंवा २२ आली तर पुढे बेरीज करायची का?

पायथागोरियनवाले ११, २२, ३३ यांना मास्टर नंबर म्हणतात आणि तिथेच थांबतात. कॅल्डियनमध्ये शेवटपर्यंत बेरीज करतात पण दोन आकडी अंक शेजारी ठेवतात. म्हणून प्रश्न ३ मधली सायली पायथागोरियनमध्ये २२ वरच थांबते, पुढे बेरीज करणारं ॲप तिला ४ देतं, आणि टिळकांचा केशव कॅल्डियनमध्ये २२ चा ४ होतो. भांडण नाही, नोंद करायची पद्धत वेगळी.

१५. आम्हाला जुळी झालीत. मूलांक, भाग्यांक सगळं सेम. मग दोघींचा फरक कशानं?

नावानं! म्हणूनच जुळ्यांची नावं ठेवताना यमक जुळवायच्या नादात एकाच्या सावलीत दुसरं नाव ठेवू नका. रीमा-सीमा घ्या, आर ला २ आणि एस ला ३, तेवढ्यानंच अंक बदलतो, अंकांचं काम भागतं, पण त्या पोरींना वर्गात सतत "तू कुठली?" विचारणार. दोन पूर्ण, आपापली नावं द्या. मध्यरात्रीच्या आधी एक आणि नंतर एक जन्मलं असेल तर प्रत्येकाची आपापली तारीख धरा.

१६. दुकानाच्या नावाला आणि गाडीच्या नंबरला हेच चालतं का?

दुकानाला चालतं, पाटीवर मोठ्या अक्षरात जे लिहिलंय तेवढंच मोजा. पाटी मराठीत असेल तर १८ बघा. गाडीचा नंबर हे नाव नाही, एमएच १२ नंतर आवडीचा नंबर घ्यायला जादा पैसे भरायचे की नाही हे खिसा बघून ठरवा.

गावांचंही लोक विचारतात म्हणून सांगते, इंग्रजांचं पूना २८ म्हणजे १, आणि आपलं पुणे २४ म्हणजे ६, शुक्राचा.

१७. ताई खरं सांगा, याला सायंटिफिक पुरावा आहे का? आणि तुम्ही किती चार्ज करता?

अंकामुळे नशीब बदलतं याला पुरावा नाही. मी चार्ज घेत नाही आणि हजारो रुपये घेऊन "नाव करेक्शन" करून देणाऱ्यांकडे जाऊ नका असं मनापासून सांगते, वरच्या प्रश्न २ मधलं दहा मिनिटांचं काम आहे.

मग मी हे का करते? इटलीत पॉम्पेई नावाचं गाव होतं, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. तिथल्या एका भिंतीवर कुणीतरी ग्रीकमध्ये खरडून ठेवलंय, जिचा अंक ५४५ आहे तिच्यावर माझं प्रेम आहे. नाव लिहिलं नाही, कदाचित लिहायची सोय नसेल, पण तिच्या नावाचं अक्षर न् अक्षर त्यानं मोजलं होतं. जवळजवळ दोन हजार वर्षं झाली. माणूस आवडत्या नावाशी असंच करतो, परत परत लिहितो, उलटं-सुलटं करून बघतो, मोजतो. माझ्याकडे येणाऱ्या आया बाळाचं नाव मोजताना त्या नावाकडे इतकं लक्ष देऊन बघतात की मला तेवढं पुरतं.

१८. माझ्या आजीनं आयुष्यात कधी इंग्रजीत सही केली नाही. रेशन कार्डावरही नाव मराठीतच. तिचं नाव नातीला ठेवायचंय, तर आजीचा अंक काढायचा कसा?

प्रश्न ४ मधली कटपयादि वापरा, ती आपल्या अक्षरांचीच आहे. क ते झ १ ते ९, ञ शून्य. ट पासून परत १, म्हणजे ट १, ठ २, ड ३, ढ ४, ण ५, त ६, थ ७, द ८, ध ९, न शून्य. प ते म १ ते ५. य १, र २, ल ३, व ४, श ५, ष ६, स ७, ह ८, आणि ळ ९. काना, मात्रा, वेलांटी मोजायची नाही, सुटा स्वर असेल तर शून्य, आणि जोडाक्षरात फक्त शेवटचं व्यंजन. लक्ष्मी म्हणजे ल ३ आणि क्ष्मी मधला म ५, बेरीज ८. बेरीज करणं हे मूळ पद्धतीत नाही, तिथे आकडे उलटे वाचतात, बेरीज ही माझ्या मामाची सवय, ती मी पुढे चालवते.

माझी आजी कमल. क १, म ५, ल ३, बेरीज ९, कॅल्डियन तक्त्यात रिकामा राहिलेला अंक. तिच्या पितळी डब्यावर नाव घातलंय, जुन्या पद्धतीनं, छिन्नीच्या ठिपक्या-ठिपक्यांनी, "सौ. कमल", आणि म च्या उभ्या रेघेत एक ठिपका खाली घसरलाय. नातीला ते नाव ठेवताना आम्ही स्पेलिंगचं काय करायचं ते बोललोच नाही. बारशाला डबा चिंचेनं घासून पाळण्याखाली ठेवला होता, साखर भरून.